माळावरचं वारं मोजलं ते वर्ष

वाऱ्याला शिव्या देण्यात आमच्या मायचा हात धरणारं माणूस त्या पट्ट्यात नव्हतं. चुलीचा धूर घरात उलटा फिरला की ती पदर तोंडावर धरायची आणि दाराकडे बघून म्हणायची, "आला मुडदा." नव्या पाहुण्याला वाटायचं, घरधनी आले. अप्पांनाही कधीकधी तसंच वाटायचं आणि ते उंबऱ्यावरून पाय मागे घ्यायचे. भाकरी थापताना परातीतलं पीठ तिच्या भुवयांवर बसे, पाण्याच्या तांब्यावर तांबडी साय धरे, आणि जेवताना कारळाच्या चटणीत दाताखाली कुरकुरलं ते कारळ की माळाचा मुरूम, हे आम्ही कधी विचारलं नाही. माय म्हणे, "गिळा. आतून अंग घट्ट व्हतं." मी पन्नाशी कधीच ओलांडली, दाताच्या डॉक्टरनं परवा माझे दात बघून आश्चर्य व्यक्त केलं. मी त्याला मुरमाचं सांगितलं. तो हसला. त्याला थट्टा वाटली.

बीदर भागात, हुलसूर आणि कोहिनूर या गावांच्या मधे कुठेतरी, उंच माळाच्या कडेला आमचं गाव. गाव मावळतीला, आमची वस्ती उगवतीला. यातली गोम मला फार उशिरा कळली. आमच्याकडचं मोठं वारं मावळतीहून येतं. ते आधी गावावरून जावं, मग आमच्यावर यावं. आमच्या अंगावरून गेलेलं वारं गावात शिरू नये, म्हणून आमच्या जुन्या माणसांना उगवतीला बसवलेलं. म्हणजे पाटलांच्या खळ्यातलं भूस, त्यांच्या गोठ्याचा वास, त्यांच्या लग्नातल्या तळणाचा घमघमाट, सगळं आम्हाला फुकटात घरपोच. घरात हुलग्याचं माडगं पीत आम्ही भावंडं डोळे मिटून पुरीचा वास घ्यायचो. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ नामदेव, म्हणायचा, "सुमे, जोरात वढ, ही पुरी फुगल्याली हाय."

पण अप्पांना सरकारनं जे रान दिलं ते मात्र गावाच्या पार मावळतीला, माळाच्या माथ्यावर. दिलं कारण दुसरं कोणी घेत नव्हतं. खाली जांभ्याचा खडक, वर बोटभर मुरूम, आणि त्यावर असं वारं की उभ्या माणसाचं धोतर त्याच्या आधी घरी पोचावं. अप्पा कारळ पेरायचे, बी उडून उताराला पाटलांच्या काळ्या रानात पडायचं आणि तिथं झकास उगवायचं. पाटील बांधावर उभे राहून म्हणायचे, "गंगाराम, तू पेरत जा, मी काढत जातो." अप्पाही हसायचे. पण एकदा मला माथ्यावर उभं करून, मावळतीकडे तोंड करायला लावून ते म्हणाले, "लागायलाय का तोंडाला? हितं वारं आधी आपल्याला लागतंय. आपल्या अंगावरून मग पाटलाकडं जातंय." एवढ्या एका कारणासाठी त्यांनी ते रान टाकलं नाही. माझी खात्री आहे. दुसरं कारण त्या रानात उगवतच नव्हतं.

ज्या वर्षाचं सांगते आहे त्या वर्षी अण्णा दहावीत आपटून घरी बसला होता. वस्तीतली त्याच्या वयाची पोरं एकेक करून हैदराबादेला गेलेली. बीदरहून बस मिळे, सकाळी बसलं की दुपारी तिकडं. तिकडं इमारती उठत होत्या, हात लागत होते. सणाला पोरं परत यायची ती बेलबॉटम घालून, केसाला तेल चोपडून, दर वाक्याला "नक्को यारो" म्हणत. काही परत यायची नाहीत, त्यांचं फक्त गाठोडं यायचं. अप्पांनी त्यांच्या धाकट्या भावाचं असं गाठोडं स्वतःच्या हातानं उघडलेलं. त्यामुळे अण्णानं हैदराबादेचं नाव काढलं की अप्पा जेवणावरून उठायचे, अण्णा घरातून उठायचा, आणि माय दोघांच्या भाकरी झाकत म्हणायची, "जावा, वाऱ्यावर जावा दोघंबी." अप्पांना पोरगं घरी ठेवायचं होतं. घरी ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. सगळी गोष्ट एवढीच आहे, बाकी मी रंगवून सांगते.

एका सकाळी माळावर सरकारी जीप चढली. जीपमधून जे साहेब उतरले त्यांना आम्ही पुढे वारेसाहेब म्हणू लागलो. सडपातळ, चष्मा, आणि उतरताक्षणी त्यांची टोपी उडाली. टोपीमागे त्यांचा ड्रायव्हर धावला, ड्रायव्हरमागे अण्णा धावला, आणि साहेब मात्र जागेवर उभे राहून, चष्मा दोन बोटांनी नाकावर दाबून, लाडूचं ताट समोर आल्यासारखे हसत होते. आमच्या माळावर येऊन, वारं खाऊन हसलेला पहिला माणूस. माय कानात म्हणाली, "याला झपाटलंय कशानं तरी."

साहेब बोलायचे कन्नड, तेही म्हैसूरकडचं, गुळात घोळलेलं. अप्पांना कन्नड बाजारापुरतं येई; जोंधळ्याचा भाव त्यांना कुठल्याही भाषेत कळे. सरकारी कन्नड कळत नसे. मी कन्नड शाळेतली, नववीतली, त्यामुळे मधे मी. आणि मला मधे उभं केलं म्हणजे काय होतं हे वस्तीला ठाऊक होतं. साहेब म्हणाले, इथे वारा मोजायचा आहे. मी अप्पांना म्हणाले, "अप्पा, सायेब म्हणायलेत, असलं वारं त्यांनी उभ्या मुलखात बघितलं न्हाई."

अप्पा म्हणाले, "त्यांना म्हण, घेऊन जावा."

हे मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. साहेब गंभीर झाले. म्हणाले, घेऊन जायचंच तर आहे. मग एका दगडावर बसून त्यांनी जे सांगितलं ते ऐकताना मी रंगवायचं विसरले. देशाची वीज कोळशातून येते, धरणांतून येते. कोळसा संपणार, धरणं आटणार. वारा संपत नाही. समुद्रापलीकडच्या देशांत वाऱ्यावर गिरण्यांएवढ्या चक्क्या फिरतात आणि त्यातून वीज निघते. आता आपलं सरकारही वारा शोधतंय, ठिकठिकाणी खांब उभारून. इथे खांब उभा करायचा, वरती वाट्या फिरणार, खाली डब्यात आकडा पडणार. वर्षभर वारा पास झाला तर या माळावर चक्क्या येतील, आणि इथली वीज तारेतून पार बेंगळूरपर्यंत जाईल.

अप्पांनी खाली वस्तीकडे बघितलं. आमच्या वस्तीत तेव्हा वीज नव्हती; तार मारुतीच्या देवळाशी येऊन थांबली होती, ती पुढे का येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. मग ते म्हणाले, "इचार, राखायला माणूस लागतंय का."

साहेब म्हणाले, चक्क्या आल्या तर लागतीलच. राखणदार, मदतनीस. ज्याचं रान त्याच्या घरातला माणूस आधी. मी अण्णाकडे बघितलं. साहेबांची टोपी हातात धरून तो पाठमोरा उभा होता, ऐकत नसल्यासारखा. त्याचे कान मात्र लाल झाले होते.

खांब उभा राहिला तेव्हा सगळं गाव बघायला आलं. लोखंडी, बारीक, चहूबाजूंनी तारांनी ताणलेला, आणि मारुतीच्या शिखरापेक्षा उंच. ही शेवटची गोष्ट कोणी मोठ्यानं बोललं नाही, पण प्रत्येकानं एकदा खांबाकडे आणि एकदा देवळाकडे बघितलेलं मी बघितलं. टोकाला तीन वाट्या गरगरत होत्या. म्हाताऱ्या बाया म्हणाल्या, आमटी वाढायच्या पळ्या हायत्या. जाताना साहेबांनी हात वर करून सगळ्यांना एक गोष्ट सांगितली, आणि ती भाषांतर करायची मला गरजच पडली नाही, कारण कन्नडमधलं ते वाक्य आमच्या वस्तीतल्या पाळण्यातल्या पोरालाही कळायचं. ते म्हणाले, "यारू मुट्टबारदु." कुणीही शिवायचं नाही.

साहेबांच्या मनात काही नव्हतं. तारेला धक्का लागला, वाटी वाकली तर आकडा बिघडेल, एवढाच त्यांचा अर्थ. ते आमच्या घरचं पाणी प्यायले होते, मायनं दिलेली भाकरी खाल्ली होती. पण मी अप्पांचा चेहरा बघितला. हा शब्द त्यांनी विहिरीवर ऐकला होता, हॉटेलात ऐकला होता, देवळाच्या पायरीवर ऐकला होता. आता तो त्यांच्या स्वतःच्या रानात, स्वतःच्या मुरमात रोवलेल्या खांबाबद्दल ऐकू आला. साहेबांची जीप उतार उतरून दिसेनाशी झाल्यावर अप्पा खांबाजवळ गेले आणि त्यांनी त्यावर हाताचा अख्खा पंजा ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग धोतराला हात पुसला, कारण ग्रीस लागलं होतं.

पुढचे महिने आमच्या घरानं कधी नव्हे इतके सुखाचे काढले. अप्पा माळावर जाताना पटका बांधू लागले. कोणी विचारलं, कुठं निघालाव, की म्हणायचे, "वारं बघून येतो." पाटलांना ते एकदा म्हणाले, "मालक, आता तुमीच पेरा, मी मोजतो." अण्णानं हैदराबादेचं नाव काढायचं सोडलं. तो रोज खांबाखाली बसायला जायचा आणि येऊन सांगायचा, आज वाट्या दिसतच नव्हत्या इतक्या फिरायल्या. मायनं वाऱ्याच्या शिव्या बंद केल्या. धूर घरात फिरला की ती खोकायची आणि म्हणायची, "या, बसा." मी रात्री पडल्या पडल्या साहेबांची नक्कल करायची, चष्मा दाबत, टोपी सांभाळत, आणि माय तोंडात पदर कोंबून हसायची.

येळ अमावस्येला साहेब आकडा घ्यायला आले. येळवस म्हणजे आमच्या भागातला असा दिवस की गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळी आपापल्या रानात जेवायला. धम्म घेतल्यापासून आमच्यात रानात पाच दगडांचे पांडव मांडून पुजणं बंद झालं होतं. भज्जी मात्र कोणी सोडली नव्हती. तत्त्वाला तत्त्वाच्या जागी ठेवून आमची वस्ती त्या दिवशी तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे बेसनात शिजवलेली ती घट्ट भाजी बाजरीच्या उंड्यांशी हाणायची आणि वर गाडग्यातलं आंबील प्यायची. साहेबांनी खांबाखाली मांडी घालून हे सगळं खाल्लं. दुसऱ्यांदा आंबील मागितलं. अप्पांनी विचारलं, "सायेब, वारं कसं हाय?" साहेब म्हणाले, चांगलं आहे, पण हिवाळ्याचं वारं म्हणजे तालीम. नाटक आषाढ-श्रावणात. त्या दोन महिन्यांवर सगळं ठरेल. हे वाक्य मी न रंगवता सांगितलं, कारण त्यात आधीच नाटक होतं. अप्पा खूश झाले. म्हणाले, "आषाढाचं काय सांगू सायेब. आषाढात हितं शेळी बांधली तर दावं आडवं ऱ्हातंय आन शेळी हवेत."

मग उन्हाळ्यात जयंती आली. दरवर्षी वस्तीत वेळू उभा करून त्यावर निळा झेंडा लावायचो. वेळू दरवर्षी गावातल्या कोणत्याही वेळूपेक्षा हातभर आखूड असायचा. कसा कोण जाणे, तेवढाच मिळायचा. त्या वर्षी तरुण पोरं अप्पांकडे आली. त्यांचा पुढारी अण्णाच.

"अप्पा, खांब हाय की आपल्या रानात," अण्णा म्हणाला.

"सायेब शिवू नका म्हणलेत," माय चुलीपासून बोलली.

अप्पा सुपारी कातरत होते. कातरून संपली तरी अडकित्ता हलतच होता. मग ते म्हणाले, "रान माझं हाय. माझ्या रानातल्या खांबाला मी शिवणार." आणि पुढे, जरा हळू, "वाट्याच्या खाली बांधा. वाट्याला धक्का लागू देऊ नका."

अण्णा वर चढला, वाट्यांच्या खाली काठी आडवी बांधून त्यानं झेंडा सोडला. खालून बँडवाल्यांनी सूर धरला. त्या झेंड्यासारखा झेंडा मी आयुष्यात पुन्हा बघितला नाही. निळं कापड असं फडफडत होतं की आवाज वस्तीपर्यंत येई. म्हाताऱ्या बाया दारात बसून तो आवाज ऐकत होत्या. अप्पा म्हणाले, "सायेब आले की खूश व्हतेल. त्या पळ्या फिरायल्या का न्हाई हे खालून दिसत न्हाई. हे तर कोसावरून दिसायलंय, वारं किती हाय ते." त्यांना खरोखर वाटत होतं की झेंडा मोजणीला मदत करतो आहे.

त्याच आठवड्यात पाटील आमच्या दारात आले. हे असं लिहायला सोपं आहे. पाटील आमच्या दारात कधी आले नव्हते. त्यांना अप्पा हवे असले की माणूस यायचा आणि अप्पा जायचे. आता ते स्वतः उभे होते, मुलाला घेऊन, चपला काढाव्यात की काढू नयेत या घोळात. माय आत घोंगडी शोधत धावली.

"गंगाराम," पाटील म्हणाले, "तुमचा झेंडा लागला, चांगलं झालं. आता गावाचाबी लागला पाहिजे. न्हाईतर आमच्या पोरास्नी काय तोंड दावू?"

अप्पा म्हणाले, "सरकारी खांब हाय, मालक."

"रान तुजं हाय. म्हणून तर इचारायला आलो."

त्या एका शब्दानं अप्पांचा निकाल लागला. विचारायला. पाटील त्यांना विचारायला आले होते. आज मी कितीही चिडले, कितीही शहाणपण दाखवलं, तरी त्या क्षणी अप्पांनी नाही म्हणायला हवं होतं असं मला म्हणता येत नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या दारात आपण उभे राहिलो तो माणूस आपल्या दारात उभा आहे, आणि मागून मागतोय काय तर आपल्या रानातली जागा. अप्पा म्हणाले, "लावा की. वारं समद्याचं हाय." पाटलांनी आमच्या घरी चहा घेतला. अर्धा कप ठेवला, पण घेतला. दुसऱ्या दिवशी निळ्याच्या शेजारी भगवा लागला, आणि गाव म्हणालं, गंगारामचं मन मोठं.

आषाढ आला. अप्पांनी शेळीबद्दल थाप मारली होती असं मला वाटायचं, पण त्या वर्षीच्या आषाढानं त्यांची लाज राखली. मावळतीकडून वारं असं सुटलं की वस्तीत बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. आम्ही आनंदात होतो. तिसऱ्या का चौथ्या सकाळी अण्णा माळावरून धावत आला. दारातली घागर उचलून त्यानं तशीच तोंडाला लावली. मग म्हणाला, "वाट्या थांबल्यात."

आम्ही सगळे गेलो. दोन्ही झेंड्यांच्या काठ्या वाऱ्यानं वर वाकल्या होत्या, कापडाच्या चिंध्या सुटल्या होत्या, आणि त्या चिंध्या एकमेकींत आणि वाट्यांच्या दांड्यांत अशा पिळल्या गेल्या होत्या की निळं कुठलं, भगवं कुठलं काही कळत नव्हतं. मायनं वर बघितलं आणि म्हणाली, "पेंढी आळ्यानं आवळल्यावाणी झालं." भोवताली माळ ओरडत होता, गवत जमिनीला चिकटलं होतं, आणि टोकाला तीन वाट्या जेवून पालथ्या घातल्यासारख्या गप्प.

अण्णानं कमरेचा विळा काढला आणि खांबाला हात घातला. अप्पांनी त्याचा पाय धरला.

"सोडा अप्पा. दोन वार मारतो, मोकळं व्हतंय."

"दोन वारात काय कापशील? कुणाचं कापशील?"

"चिंध्या हायत्या."

"वर हाय तवर झेंडा हाय. तू त्यांचा कापलास की संध्याकाळी वस्ती पेटतीय. आन आपला कापलास तर आपलीच पोरं तुला सोडत न्हाईत."

"मग नोकरी?"

अप्पांनी पाय सोडला नाही. "आधी घर तर ऱ्हाऊ दे."

पाटील आले, मुलगा आला, आमची पोरं आली. वाऱ्यात ओरडून ओरडून बैठक झाली. ठरलं असं की प्रत्येकानं आपापलं सोडवावं. आमच्या माणसानं त्यांच्या कापडाला हात लावू नये, त्यांच्या माणसानं आमच्या. म्हणजे दोन माणसं एकदम वर चढली पाहिजेत. त्या वाऱ्यात एक माणूस चढला तरी खांब आवाज करायचा. पाटलांचा मुलगा दोन पावलं चढून खाली आला आणि म्हणाला, वारं पडू द्या. सगळ्यांना पटलं. वारं पडलं की सोडवू.

आणि मग आमच्या घरानं ते केलं जे कोणत्याही घरानं केलं नसेल. ज्या वाऱ्यावर आमचं सगळं टांगलेलं होतं, ते वारं थांबावं म्हणून आम्ही दिवसरात्र वाट बघत बसलो. माय दारात येऊन हाताची पाठ बाहेर धरून बघायची. अण्णा विळा उशाशी घेऊन निजायचा. अप्पा माळाच्या वाटेवर बसायचे, पटका न बांधता. वारं पडलं नाही. आषाढभर नाही, अर्धा श्रावण नाही. असं वारं म्हाताऱ्यांनीही बघितलं नव्हतं, आणि खाली डब्यात त्याचा आकडा पडत नव्हता. पुढे एकदा पाऊस लागून हवा थोडी थबकली तेव्हा दोघं चढले आणि चिंध्या सोडवल्या. वाट्या पुन्हा फिरू लागल्या. पण नाटक संपून गेलं होतं, आता मांडव सोडणाऱ्यांसाठी फिरत होत्या.

साहेब पोळ्यानंतर आले. त्यांनी डबा उघडला, आकडा बघितला, वर बघितलं. आडव्या बांधलेल्या काठ्या तशाच होत्या, एका दांड्याला निळ्या कापडाचा धागा राहिला होता. शहाणा माणूस, त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला विचारलं, झेंडे अडकले होते, तर वडिलांनी काढले का नाहीत?

मी अप्पांना विचारलं, "अप्पा, कामून काढलं न्हाई म्हणायलेत."

उतारावर पाटलांचा मुलगा उभा होता. आमची पोरंही होती. अप्पांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. गावातलं भांडण सरकारसमोर मांडणाऱ्यांतले ते नव्हते. ते साहेबांकडे वळले आणि म्हणाले, "सांग त्यांना, तुमीच म्हणलाव, शिवायचं न्हाई."

मी सांगितलं. साहेबांनी मान खाली घातली. मग मी माझ्या मनानंच बोलू लागले, शाळेतलं सगळं कन्नड पणाला लावून: अजून एक आषाढ ठेवा, आम्ही राखू, झेंडा लावू देणार नाही, माझा भाऊ खांबाखालीच झोपेल. साहेब ऐकत राहिले. म्हणाले, असे खांब थोडे आहेत, बाई, आणि माळ पुष्कळ आहेत. दुसऱ्या ठिकाणी आषाढाचे आकडे चांगले आलेत. तुमच्या कागदावर आषाढात वारा नाही. हे मला वर दाखवावं लागेल.

मी अप्पांना हे सांगितलं. एक शब्द वाढवला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मी पुढे काही जोडेन म्हणून. माझी सवय त्यांना माहीत होती.

"आन पुढं?" ते म्हणाले.

"एवढंच, अप्पा."

खांब उतरवायला माणसं आली तेव्हा गावातून कोणी बघायला आलं नाही. आता मी कलबुर्गीहून येते तेव्हा लांबच्या माळांवर पांढऱ्या चक्क्या फिरताना दिसतात, तीन-तीन पात्यांच्या, सावकाश. माझा मुलगा शाळेत पाठ करायचा, देशाच्या विजेत वाऱ्याचा वाटा वाढतो आहे. मी त्याला म्हणायची, वाढू दे. बसमधले लोक चक्क्यांचे फोटो काढतात. मी त्या वेळी माझी पिशवी नीट करते.

अण्णा दसऱ्याच्या आधीच गेला. या वेळी अप्पा जेवणावरून उठले नाहीत. त्यांनीच त्याला बीदरच्या बसपर्यंत सोडलं, आणि बस सुटेपर्यंत दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. तो तिकडचाच झाला. लग्नाकार्याला यायचा, पाहुण्यासारखा बसायचा, मायला "अम्मा" म्हणायचा. त्याला शेवटी माती दिली तीही मुसी नदीच्या अलीकडे, आम्ही पोचायच्या आत.

खांब उतरवला त्याच्या पुढच्या आषाढात वारं आलं, दरवर्षी येतं तसंच. आमच्याकडे आषाढ लागायच्या आत घराच्या पत्र्यांवर मोठे दगड चढवतात, नाहीतर पत्रा उडून जातो. ते तरण्या माणसाचं काम. वस्तीत ज्यांची पोरं होती त्यांच्या घरांवर दगड चढले. अप्पांनी दोन-तीन चढवले, एक हातातून सुटून खाली आला, मग त्यांना दम लागला. तोवर वारं सुटलं आणि पत्र्याचं एक टोक उचलून आपटू लागलं. अप्पा शिडीवरून वर गेले आणि त्या टोकावर बसले. आपटणं थांबलं.

माय अंगणातून ओरडली, "आवं, खाली या. पडताल."

ते मावळतीकडे पाठ करून बसले होते. सदरा फुगून डोक्यावर येत होता, तो त्यांनी एका हातानं धरला.

"बसू दे," ते म्हणाले. "एवढं वजन तरी घराच्या कामाला येऊ दे."

मायनं भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. मी शिडी चढले, त्यांच्या शेजारी पत्र्यावर बसले, आणि आम्ही दोघं दिवस मावळेपर्यंत तिथंच बसून राहिलो.